दोन तख्तांच्या मधला मुलूख
प्रस्तावना

नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते आणि पुणे जिल्ह्याची भूमी तेथे एका टोकाशी येऊन संपते. या संगमापासून पश्चिमेकडे, उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा ठेवून, जो मुलूख पुरंदरच्या डोंगरांपर्यंत चढत जातो, त्यातच आजचे इंदापूर व बारामती हे तालुके, सुप्याचे जुने ठाणे आणि कऱ्हेकाठची गावे येतात. सह्याद्री ओलांडून आलेला पाऊस येथवर पोचेपर्यंत ओसरलेला असतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी शेतांतून खेळू लागेपर्यंत या जमिनीची सारी भिस्त जोंधळ्या-बाजरीवर आणि आभाळावर होती. अशा या कोरड्या, उघड्या आणि घोडदळास सोयीच्या प्रदेशावर इतिहासाने जो भार टाकला, तो त्याच्या उत्पन्नाच्या मानाने फार मोठा होता, कारण इ. स. १४९० च्या सुमारास बहमनी राज्य फुटून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही अशी दोन तख्ते उभी राहिली, आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, हा पट्टा त्या दोहोंच्या सरहद्दीवर राहिला.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा सरहद्दीचा काळ आहे. तख्तांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. येथे विचार करावयाचा आहे तो तख्त आणि रयत यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा, म्हणजे मोकासदाराचा, जहागीरदाराचा, सुभेदाराचा. ज्याच्या हाती परगणा आहे, ज्याच्या पागेत हजार-दोन हजार घोडी आहेत, पण ज्याची सनद एका दरबारातून आली आहे आणि ज्याला दुसऱ्या दरबाराचे बोलावणे सदैव येत आहे, असा माणूस कोणाचा मानावा, त्याची निष्ठा कशावर तोलावी, आणि त्याच्या हालचालींनी राज्यांचे भवितव्य कसे ठरले, हे प्रश्न या ग्रंथाच्या मुळाशी आहेत.

हे प्रश्न केवळ दख्खनचे नाहीत. ज्या शतकांत नीरा-भीमेच्या काठी निजामशहा आणि आदिलशहा झुंजत होते, त्याच शतकांत तैग्रीस नदीच्या खोऱ्यात आणि कुर्दिस्तानच्या डोंगरांत तुर्कस्तानचे उस्मानी सुलतान आणि इराणचे सफवी शहा यांची झुंज चालू होती. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या रणावर सुलतान सलीमने शहा इस्माईलचा पराभव केला, १५३४ मध्ये सुलेमानाने बगदाद घेतले, १५५५ मध्ये अमास्या येथे तह झाला. पण या लढायांच्या आणि तहांच्या मधल्या वर्षांत सीमेचे खरे धनी होते ते तेथील वाली, पाशा आणि वंशपरंपरागत कुर्दी अमीर. बिदलीसचा शरफखान इराणातील निर्वासित घराण्यात जन्मला, शहा तहमास्पच्या चाकरीत वाढला, आणि १५७८ मध्ये उस्मानी पक्षास येऊन मिळताच वडिलार्जित बिदलीस परत पावला. पुढे त्याने फार्सीत कुर्दी घराण्यांचा जो इतिहास लिहिला, तो ‘शरफनामा’ म्हणून प्रसिद्ध आहे. बगदादच्या बकर सुबाशीची कथा याहून दारुण आहे. त्याने शहर बळकावले, उस्मानी फौज चालून येताच शहा अब्बासला साद घातली, आणि उस्मानी सेनापतीने नाइलाजाने त्याची सुभेदारी मान्य करताच त्याने इराणी फौजेस दरवाजे बंद केले. परंतु त्याच्याच मुलाने ते दरवाजे शहा अब्बासला उघडून दिले आणि बकर प्राणास मुकला. १६३८ मध्ये मुराद चौथा याने बगदाद परत घेतले आणि पुढील वर्षी झुहाबच्या तहाने त्या सीमेला बऱ्याच अंशी स्थिर रूप आले.

ही तुलना वाचकाला दूरची वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्या झगड्याचे धागे दख्खनच्या दरबारांत येऊन पोचलेले होते. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा उस्मानी सुलतानाचा लहानपणी लपवून वाचवलेला पुत्र होता आणि इराणातील सावा येथे वाढला, अशी हकीकत फिरिश्ता देतो. आधुनिक संशोधक तिला दंतकथेहून अधिक मोल देत नाहीत, परंतु विजापूरच्या राजघराण्याला आपले कुळ रूमच्या, म्हणजे उस्मानी, तख्ताशी आणि आपला पंथ इराणच्या शहाशी जोडावासा वाटला, हीच गोष्ट बोलकी आहे. शहा इस्माईलने इराणात शिया पंथ राजधर्म केल्याची वार्ता आल्यावर लवकरच यूसुफने विजापुरात त्याच पंथाचा खुतबा पढवला. त्याचा मुलगा इस्माईल आदिलशहा याने इराणी वकिलातीचा सन्मान करून आपल्या सैनिकांना बारा टोकांच्या तांबड्या टोप्या घालावयास लावल्या. पुढे १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिमाने तो पंथ सोडून सुन्नी मत स्वीकारले, पुष्कळ परदेशी अमिरांना निरोप दिला आणि महसुलाचे दफ्तर फार्सीऐवजी देशभाषेत ब्राह्मण कारकुनांच्या हाती सोपवले. तिकडे अहमदनगरात इराणातून आलेल्या शहा ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ पत्करला. दरबारात पंथ बदलला की अमिरांचे पारडे बदले, दख्खनी आणि परदेशी यांच्या चुरशीला नवी धार येई, आणि त्याचा धक्का परगण्यांतील ठाण्यांपर्यंत पोचे. देशमुख-देशपांड्यांना, मराठा सरदारांना आणि लेखणीबहाद्दर ब्राह्मणांना जी जागा मिळत गेली, ती काही अंशी या दूरच्या वादळांनी मोकळी करून दिलेली होती.

याची एक जड साक्ष आजही उभी आहे. विजापूरच्या तटावरील मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, आणि ती ओतणारा कारागीर मुहम्मद हा रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातला होता. निजामशाहीसाठी घडलेली ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर चढली आणि १६३२ मध्ये तेथून विजापुरास गेली. तुर्की कसब, अहमदनगरचा पैसा, सरहद्दीवरचा किल्ला आणि विजापूरचा विजय अशी ही एका तोफेची जीवनकथा म्हणजे या साऱ्या कालखंडाचा सारांश आहे.

आता मूळ भूमीकडे वळू. अहमदनगर आणि विजापूर यांच्या वैराचे निमित्त बहुधा सोलापूर असे. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह विजापूरच्या मरियमशी झाला, तेव्हा सोलापूर आणि त्याखालील साडेपाच परगणे आंदण देण्याचे ठरले होते असे अहमदनगरकर म्हणत, आणि असा शब्द कधी दिलाच नव्हता असे विजापूरकर म्हणत. त्या शब्दापायी चार दशके फौजा भीमेच्या अल्याड-पल्याड फिरल्या, विजयनगरचा रामराया कधी या बाजूस तर कधी त्या बाजूस झुकला, आणि अखेर चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी होऊन सोलापूर आंदण गेले, तेव्हा कोठे १५६५ च्या तालिकोटच्या युद्धासाठी दोन्ही शाह्या एका बाजूस उभ्या राहिल्या. शाही विवाहाच्या करारात ज्यांची नावेही नव्हती, अशा गावांनी त्या चाळीस वर्षांची किंमत चारा, धान्य आणि वेठ यांच्या रूपाने मोजली.

याच सरहद्दीवर भोसले घराण्याचा उदय झाला. वेरूळच्या मालोजीराजांना निजामशाहीकडून पुणे आणि सुपे हे परगणे मोकाशाने मिळाले आणि इंदापूर येथील लढाईत ते पडले. वर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, स्थळाविषयी नाहीत. अहमदनगरच्या शहाशरीफ पिराच्या नावावरून ज्यांची नावे ठेवली गेली असे परंपरा सांगते, ते शहाजी आणि शरीफजी हे त्यांचे दोन पुत्र चुलते विठोजी यांच्या छत्राखाली वाढले. इंदापूरची गढी आणि मालोजीराजांचे तेथील स्मरण यांना मराठ्यांच्या इतिहासात जे स्थान मिळावयास हवे होते, ते अद्याप मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवनेरी, राजगड, रायगड ही नावे ज्या वाक्याच्या उत्तरार्धात येतात, त्याचा पूर्वार्ध इंदापुरास लिहिला गेला.

शहाजीराजांच्या पूर्वायुष्याकडे या दृष्टीने पाहावे. मलिक अंबरच्या नेतृत्वाखाली १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्यांनी निजामशाही वाचवली आणि शरीफजी तेथे कामास आले. लगेच पुढे ते आदिलशाहीत गेले, १६२८ मध्ये परत निजामशाहीत आले. १६२९ मध्ये सासरे लखुजी जाधवराव यांचा निजामशहाच्या दरबारातच खून झाल्यावर मोगलांकडे गेले. तेथूनही १६३२ मध्ये बाहेर पडून त्यांनी पेमगिरीवर एका निजामशाही बालकाला छत्राखाली बसवले आणि तीन वर्षे त्याच्या नावाने कारभार हाकला. या धामधुमीतच विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरवला आणि भुलेश्वराच्या डोंगरावर दौलतमंगळ हा किल्ला उभारला, आणि त्याच सुमारास, १६३० ते १६३२ मध्ये, दख्खनभर महादुष्काळ पडला. १६३६ मध्ये शहाजहान आणि महंमद आदिलशहा यांच्यात तह झाला, निजामशाही वाटून घेण्यात आली, भीमा-नीरेचा टापू विजापूरच्या वाट्यास गेला आणि माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी हत्यार ठेवले. त्याच वर्षी शहाजहानने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडून खुतब्यातील इराणच्या शहाचे नाव काढून टाकवले. इराणची जी सावली शतकाहून अधिक काळ दख्खनवर होती, ती या एका अटीने पुसली जाऊ लागली.

सरहद्दीवर सुभेदार बदलत, पण काही माणसे बदलत नसत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार हे वतनाने जमिनीशी बांधलेले होते, आणि म्हणून त्यांची निष्ठा सनद देणाऱ्या हाताहून वतनावर अधिक होती. नवा मोकासदार आला म्हणजे तो प्रथम कौल देई. उजाड गावांनी परत लागवडीस यावे, पहिली काही वर्षे सारा कमी घेतला जाईल, पुढे तो क्रमाने वाढेल, असे अभयवचन त्यात असे. तंटा पडला तर गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाच्या नांगराची, कुणब्याच्या औताची, सुताराच्या वाकसाची खूण उमटे. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुण्याबरोबर बारामती आणि इंदापूरकडील मुलूखही होता असे ग्रँट डफ नोंदवतो. १६४७ पर्यंत चाललेल्या त्या कारभाराने उजाड जमिनीवर माणसे परत आणली, आणि सरहद्दीवर टिकाऊ सत्ता तलवारीइतकीच कौलावर उभी राहते, हे बाल शिवाजीराजांसमोर सिद्ध केले.

या विषयावरील साधने आणि त्यांवर उभे राहिलेले संप्रदाय यांची थोडी ओळख नव्या वाचकास करून देणे येथे उचित होईल. प्रथम येतात फार्सी तवारिखा. फिरिश्ता हा कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, वाढला अहमदनगरात, आणि १५८९ मध्ये विजापुरास जाऊन दुसऱ्या इब्राहिमाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ रचला. सय्यद अली तबातबा याने ‘बुऱ्हाने मआसिर’ अहमदनगरच्या बाजूने लिहिला. एकच लढाई या दोघांच्या लेखणीतून दोन निकाल घेऊन उतरते, आणि अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावयास हवीत. त्यानंतर मराठी आणि संस्कृत साधने: परमानंदाचे ‘शिवभारत’, जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’, आणि १६९७ च्या सुमाराची सभासदाची बखर. यांत घटनांचा क्रम सर्वत्र विश्वसनीय नाही, पण त्या काळच्या माणसांना आपल्या वाडवडिलांच्या पक्षांतरांविषयी काय वाटत होते, ते येथेच कळते.

अर्वाचीन लेखनाचा आरंभ ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाने होतो. त्याच्या दृष्टीला मराठ्यांचा उदय हा सह्याद्रीत अकस्मात पेटलेला वणवा वाटला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये त्याला उत्तर दिले आणि या उदयामागची सामाजिक व धार्मिक पूर्वतयारी दाखवली. १८९८ पासून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः बाहेर काढली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि दप्तरे, महजर, फर्माने गावोगावच्या माळ्यांवरून उजेडात येऊ लागली. जदुनाथ सरकारांनी फार्सी साधनांवर भर दिला, सरदेशायांनी रियासतीत समग्र कथा गुंफली, ग. ह. खरे यांनी फार्सी कागदांचे मराठी वाचन सिद्ध केले, वा. सी. बेंद्रे यांनी मालोजी-शहाजींच्या चरित्राचा कसून शोध घेतला आणि सेतुमाधवराव पगडींनी मोगली व दख्खनी अखबार मराठी वाचकापर्यंत आणले. पुढच्या पिढीत हिरोशी फुकाझावा आणि अ. रा. कुलकर्णी यांनी वतन, महसूल आणि गावगाडा यांकडे लक्ष वळवले, तर आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की प्रतिपक्षाचे सरदार फोडणे आणि त्यांना वतनाने बांधून घेणे, हीच त्या काळी राज्य वाढवण्याची नेहमीची रीत होती.

या मतांमध्ये प्रस्तुत ग्रंथ कोठे उभा आहे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. शहाजीराजांच्या पक्षांतरांवर जुन्या लेखकांपैकी काहींनी बेइमानीचा शिक्का मारला, आणि काहींनी त्यांत आरंभापासूनच स्वराज्याची गुप्त योजना वाचली. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. ज्या व्यवस्थेत तख्त आपल्या सरदारास पगार देत नाही, परगणा तोडून देते, आणि त्या परगण्याच्या संरक्षणाची हमी मात्र घेत नाही, त्या व्यवस्थेत सरदाराने दुसऱ्या तख्ताकडे पाहणे अटळ आहे. दरबारात लखुजी जाधवरावांसारखा सरदार निःशस्त्र मारला जात असेल, तर निष्ठेचा करार आधी तख्तानेच मोडलेला असतो. बिदलीसचा शरफखान, बगदादचा बकर सुबाशी आणि सुप्याचे भोसले यांना एका ओळीत बसवून त्यांचे गुणावगुण सारखे ठरवण्याचा येथे हेतू नाही; त्यांच्यावर पडलेला पेच एकाच घडणीचा होता, एवढेच दाखवावयाचे आहे.

त्या पेचातून बाहेर पडण्याची वाट मात्र दोन ठिकाणी वेगवेगळी निघाली. तैग्रीसच्या खोऱ्यात दोन साम्राज्यांनी १६३९ मध्ये सीमा आखली आणि मधल्या अमिरांना आपापल्या बाजूस कायम केले. भीमेच्या खोऱ्यात १६३६ मध्ये एक तख्तच नाहीसे झाले, आणि दोन तख्तांच्या मधल्या माणसाच्या मुलाने स्वतःचे तिसरे राज्य उभे केले. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून सुप्याचे ठाणे घेतले, तेव्हा सरहद्दीवरची मोकासदारी मागे पडून तिच्या जागी हुजुरातीचा अंमल येऊ लागला होता. सभासद सांगतो की महाराजांनी वतनदारांचे हुडे-वाडे पाडले, लष्करास मोकासे तोडून देण्याची रीत बंद केली आणि चाकरीचा मोबदला सरकारातून देण्याची वहिवाट पाडली. ज्याचे आजोबा इंदापूरच्या सरहद्दीवर पडले आणि ज्याच्या वडिलांना तीन दरबार बदलावे लागले, त्या राजाने जहागिरीच्या पद्धतीवरच घाव घालावा, यात मला घराण्याच्या अनुभवाचा निष्कर्ष दिसतो. हा या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त आहे.

राजारामकाळात मोगलांशी जीवनमरणाचा झगडा चालू असता वतने आणि सरंजाम परत द्यावे लागले, आणि त्याबरोबर जुना पेचही परत आला. अठराव्या शतकात बारामतीकर बाबूजी नाईक हे पेशव्यांचे सोयरे आणि सावकार असूनही, १७४० मध्ये थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने उभे राहिले. कऱ्हेकाठच्या ज्या वाड्याच्या आश्रयाने मोरोपंतांची आर्या फुलली, तोच वाडा सातारा, पुणे आणि नागपूर यांच्या सत्तास्पर्धेतही गुंतलेला होता, हे काव्याच्या वाचकानेही ध्यानात ठेवावे.

हा विषय आज हाती घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले वैचारिक आहे. या काळाचे वर्णन धर्माधर्मातील सरळ झुंज असे करण्याची प्रवृत्ती बळावत आहे. परंतु नीरा-भीमेच्या मुलखाचे कागद पाहणाऱ्यास एकाच पंथाचे दोन सुलतान एकमेकांच्या जिवावर उठलेले, एकाच कुळाचे दोन भाऊ दोन दरबारांत, आणि एकाच महजरावर मराठी मजकूर व फार्सी शिक्का असे दृश्य पदोपदी दिसते. श्रद्धा त्या माणसांना होत्याच, त्या त्यांनी प्राणपणाने जपल्या. पण परगण्याचे राजकारण समजून घेण्यास चारा, घोडे, पाऊस, सनद आणि सोयरीक यांचाही हिशेब मांडावा लागतो. तो न मांडता लिहिलेला इतिहास आपल्या पूर्वजांवर अन्याय करतो.

दुसरे कारण व्यावहारिक आणि निकडीचे आहे. उजनीच्या जलाशयाखाली भीमाकाठची कित्येक जुनी गावठाणे गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी उतरले म्हणजे तेवढे दिसते. गढ्यांचे चिरे ढासळत आहेत, वाड्यांच्या वाटण्या होत आहेत, आणि वाटणीत जमिनीचे उतारे जपले जातात, मोडी रुमाल जपले जात नाहीत. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि मराठी घरांत फार्सी वाचणारे त्याहून थोडे. म्हणून हा ग्रंथ वाचून मिटणाऱ्या प्रत्येक वाचकास, विशेषतः बारामती, इंदापूर, दौंड आणि पुरंदर या भागांतील वतनदार घराण्यांच्या वंशजांस, माझी विनंती आहे की घरातील ट्रंकेत, देवघरात किंवा माळ्यावर जो जुना कागद असेल, तो त्यांनी फेकू नये, विकू नये आणि चिकटपट्टी लावून दुरुस्तही करू नये. तो तज्ज्ञास दाखवावा, त्याची छायाप्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत ठेवावी, आणि घरातील एका तरी मुलास मोडी शिकवावी. या मुलखाच्या इतिहासाची पुढील प्रकरणे त्या कागदांतून लिहावयाची आहेत, आणि ती लिहिण्याचा पहिला अधिकार या मातीतल्या अभ्यासकांचा आहे.